येण्याचे कारण

४ फेब्रुवारी
आज इमारतीच्या समितीचा सचिव म्हणून माझी एकमताने निवड झाली. एकमताने म्हणजे बाकीच्या सगळ्यांनी एकमताने 'आम्हाला जमणार नाही' असं सांगितलं. निवृत्त होऊन अजून दोन महिने झाले नाहीत, तोवर लोकांनी माणूस हेरला.

पहिलंच काम मनासारखं मिळालं. नगर कार्यालयाने 'निवासी जागेतील घरगुती व्यवसाय' या विषयावर पुस्तिका काढली आहे. चौदा नियम आहेत. व्यवसाय घराच्या एक चतुर्थांश जागेतच करायचा. बाहेरचा नोकर ठेवायचा नाही. दारावर पाटी लावायची नाही. शेजाऱ्यांना आवाज, वास आणि वर्दळ यांचा त्रास द्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे परवान्याशिवाय काहीच करायचं नाही. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली, पण इतकी सुबक पुस्तिका आमच्या खात्याला कधी काढता आली नाही.

संध्याकाळी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवली. ती सुईत दोरा ओवत होती. नवव्या नियमापर्यंत आलो तरी दोरा ओवला गेला नव्हता.

"म्हणजे कुठल्या कुठल्या धंद्यांना लागू आहे हे?" तिने विचारलं.

"सगळ्याच. आपल्या वरची केकवाली आता सापडली म्हणून समज."

"तिने तुमचं काय घोडं मारलंय?"

नियम म्हणजे कुणाचं घोडं मारणं नव्हे, हे बायकांना समजावणं कठीण आहे.

८ फेब्रुवारी
सौ. रोज अकरा वाजता मला घराबाहेर काढते. "फिरून या, घरात बसून गंज चढेल." आणि एकच्या आत येऊ नका, हेही वर. आज गुडघा दुखत होता म्हणून बाराला परतलो, तर जिन्यात एक अनोळखी बाई खाली येत होती. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, कापडी पिशवी छातीशी धरलेली. मला बघून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मी काय वाघ आहे?

"माझी मैत्रीण," सौ. म्हणाली.

मी थक्क झालो. चौतीस वर्षांच्या संसारात मला तिच्या दोन मैत्रिणी ठाऊक. या महिन्यात मी मोजलेल्या सहा. माणूस कचेरीत जातो आणि मागे घरात काय काय वाढत असतं, कळत नाही.

दुसरं म्हणजे, निवृत्तीच्या वेळी खात्याने दिलेली पितळी वजनांची पेटी आज उघडली. दोनशे ग्रॅमच्या वजनावर चक्क बोटांचे ठसे! वजनाला हात लावायचा नसतो, चिमट्याने धरायचं असतं. घामाने वजन बदलतं. हे ज्याने केलं त्याला माझ्या खात्यात मी एक दिवस ठेवलं नसतं. भांडीवालीला विचारलं, तर ती माझ्याकडेच बघत राहिली.

११ फेब्रुवारी
सौ.ने पाच किलो राळे आणायला सांगितले. गेल्या महिन्यातही पाच किलो आणले होते. पक्ष्यांना घालते म्हणते. गच्चीत मी एकही पक्षी पाहिलेला नाही. शिवाय राळे भाजल्याचा वास घरभर येतो. भाजलेले राळे खाणारे पक्षी कुठले, देव जाणे. वास येतो, ताटात मात्र काही पडत नाही.

दुपारी अक्का आली होती. माझी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. लग्न केलं नाही, शाळा शिकवली. आता दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. आली की माझ्याशी पाच मिनिटं बोलते आणि सौ.बरोबर मागच्या खोलीत तास तास बसते. नणंद-भावजयींचं इतकं गूळपीठ मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मी नेहमीची चेष्टा केली. "अक्का, पारडं बरोबर आहे ना आज?" मध्यंतरी एकदा ती एका बाजूला कलून चालायची, एक खांदा खाली. तेव्हा मी म्हटलं होतं, अक्का, तुझं एक पारडं खाली गेलंय, खात्यात आण, शिक्का मारून देतो. आता खांदा सरळ आहे, पण चेष्टा जुनी झाली म्हणून टाकवत नाही. अक्का हसली. सौ. मात्र हसली नाही. तिला विनोद कळत नाहीत.

१३ फेब्रुवारी
समितीची सभा. मी ठराव मांडला: फाटकावर वही ठेवायची. येणाऱ्या प्रत्येकाने नाव, कोणत्या घरी, येण्याचे कारण, वेळ आणि सही एवढं लिहायचं. कोणाच्या घरी धंदा चालतो ते आपोआप उजेडात येईल. ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला, कारण सगळ्यांना जेवायला जायचं होतं. रकाने मी स्वतः आखले.

सौ.ने वही हातात घेतली आणि बराच वेळ पहिल्या पानाकडे बघत बसली.

"कारण लिहायलाच पाहिजे?"

"कारण हाच तर मुद्दा आहे."

"एखादीला नसेल लिहायचं तर?"

"ज्याच्या मनात पाप नाही त्याला लिहायला काय जातं?"

तिने वही मिटून टेबलावर ठेवली.

२० फेब्रुवारी
आठवड्याचा हिशेब लावला आणि चकित झालो. केकवालीकडे आलेले लोक: दोन. एक तिचा भाऊ. आमच्या घरी आलेल्या बायका: अकरा! मैत्रिणींना सचिवाचं घर म्हणून कौतुक वाटत असावं. कारणाच्या रकान्यात काहींनी 'सहज' लिहिलंय, काहींनी रेघ ओढलीये. एकीने 'मोजमाप' लिहून खोडलंय. मी वजनमापे खात्यात होतो हे ऐकून बिचारीचा गोंधळ झाला असेल.

प्रत्येक पानाखाली घरनिहाय बेरीज केली आहे. आपलं काम चोख असावं.

२७ फेब्रुवारी
वहीने जादू केली. या आठवड्यात परक्यांची वर्दळ जवळजवळ बंद. आमच्याकडेसुद्धा दोनच आल्या. वॉचमन सांगत होता, डोक्याला रुमाल बांधलेली ती बाई आली, वही बघून उभी राहिली, पेन उचललं, खाली ठेवलं आणि परत गेली.

मी हे कौतुकाने सौ.ला सांगितलं, तर ती एकदम मटकन खुर्चीत बसली. "परत गेली?" दोनदा विचारलं. "कुठल्या बाजूला गेली?" मला काय ठाऊक! मैत्रिणीसाठी इतका जीव टाकणारी माणसं असतात हे मी ऐकून होतो, घरात आहे हे माहीत नव्हतं. रागावली असेल म्हणून मी म्हटलं, तूच जा की तिच्याकडे. त्यावर म्हणाली, "मला तिचं घर माहीत नाही."

मैत्रिणीचं घर माहीत नाही?

१ मार्च
आज भलतंच झालं. अक्का फाटकावरून परत गेली. माझी अक्का! वॉचमनने नियमाप्रमाणे वही पुढे केली. तिने कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं, "हे पण?" असं विचारलं, आणि वळून चालायला लागली.

मी लगेच फोन केला. "अगं अक्का, घरच्यांना कुठे नियम! मला हाक मारायचीस."

"तू आखलेत ना रकाने? अक्षर ओळखलं मी. मीच वळण लावलंय तुझ्या अक्षराला."

"अगं पण 'भावाला भेटायला' एवढं लिहिलं असतं तरी—"

"मी तुला भेटायला येत नव्हते, धाकट्या," असं म्हणून तिने फोन ठेवला.

साठ वर्षांत अक्का माझ्याशी अशी बोलली नाही. सौ.ला विचारलं, तुमच्या दोघींचं काय चाललंय? ती म्हणाली, "काही नाही." हे 'काही नाही' मला चांगलं ओळखू येतं. ते फार मोठं असतं. पण काय, ते कळत नाही.

३ मार्च
केकवालीच्या दारात उभा राहून परवाना मागितला. तिने हसत हसत आत बोलावलं. ओट्याच्या वर, चौकटीत, काचेखाली परवाना! चार वर्षं जुना, दरवर्षी नूतनीकरण केलेला. मी तारीख दोनदा वाचली.

"काका, तुम्हाला केक देऊ का? पाणी तरी घ्या, तुमचा चेहरा उतरलाय."

घरी येऊन विचार केला. केकवाली शुद्ध, तर मग वर्दळ कोणाची? तिढा सोडवायलाच हवा. नगर कार्यालयाला पत्र लिहिलं की इमारतीत अज्ञात स्त्रियांची ये-जा होती, तपासणी व्हावी. पुरावा म्हणून वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती जोडल्या, बेरजांसकट. आमच्या घराच्या बेरजेपाशी तळटीप दिली: 'सचिवांचे निवासस्थान असल्याने.'

९ मार्च
सकाळी दहाला कार्यालयाच्या तपासनीस बाई आल्या. मापाची फीत, लिहायची पाटी, चपटी चप्पल, कमी बोलणं. मला त्या पाहताक्षणी आवडल्या. केकवालीचं दहा मिनिटांत आटोपलं. मग त्यांनी माझ्याच प्रती बाहेर काढल्या.

"आता तुमचं घर बघू."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "साहेब, तुमच्याच बेरजेप्रमाणे एका आठवड्यात अकरा."

"अहो, त्या मंडळीच्या मैत्रिणी. या, या, अवश्य बघा. चहा घ्या. आमच्या घरात धंदा सापडला तर मी मिशी उतरवीन."

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदराला हात पुसले, मागच्या खोलीत गेली आणि भिंतीतलं मोठं कपाट उघडलं. तिच्या कपड्यांचं म्हणून मी गेली कित्येक वर्षं त्याला हात लावलेला नाही.

आत कपडे नव्हते. फळ्या होत्या. वरच्या फळीवर मऊ सुती कापडाचे तागे. मधल्या फळीवर स्वयंपाकघरातून कायमचा गायब झालेला आमचा वजनकाटा. खाली भाजलेल्या राळ्यांचा डबा. आणि एका ताटात ओळीने मांडलेल्या, कापडाने झाकलेल्या लहान लहान गोल उशा. मला वाटलं सुया टोचायच्या गाद्या आहेत. इतक्या कशाला?

तपासनीस बाईंनी एक उचलली. तळहातावर धरली. आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ऑपरेशननंतरच्या?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो," सौ. म्हणाली. "एक स्तन काढला की त्या बाजूला काहीच राहत नाही. नुसता कापूस भरून शिवलं तर दिसायला ठीक दिसतं, पण वजन नसतं. मग शरीर आपोआप कलतं. खांदा पडतो, पाठ धरते. म्हणून राळे. दुसऱ्या बाजूचा अंदाज घेऊन वजन करून भरते. भाजले नाहीत तर कीड लागते. दर काही महिन्यांनी बदलायचे."

"दुकानात मिळतं की," मी म्हटलं.

"मिळतं. महाग असतं. आणि दुकानात पलीकडे पुरुष उभा असतो."

मी पलंगावर बसलो. बत्तीस वर्षं मी लोकांच्या दुकानांत शिरून काटे तपासले आणि माझ्याच घरात कित्येक वर्षं एक काटा चालू होता.

तपासनीस बाईंनी खोली मोजली. एक चतुर्थांशाच्या पुष्कळ आत. नोकर नाही, पाटी नाही, आवाज नाही. फक्त परवाना नाही. पंधरा दिवसांत अर्ज करा म्हणाल्या. घरमालकाची संमती लागेल, इमारतीच्या सचिवाचा ना-हरकत दाखला लागेल. दोन्ही ठिकाणी मीच.

जाताना त्यांनी मी पाठवलेल्या प्रती माझ्या हातात परत दिल्या. "ही नावं मला नकोत. फायलीत एक पान नाही ठेवलं मी. पण साहेब, परवाना मिळून उपयोग काय? तुमच्या फाटकावर कारण लिहून कोण येणार आहे यांच्याकडे?"

त्या गेल्यावर सौ. कपाट बंद करत होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शिक्का मारायला निघाला असता."

"पैसे घेतेस?"

"घेते. फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार करता येत नाही. त्यांनी तक्रार करायला हवी, टोचतंय, जड होतंय, असं सांगायला हवं." मग म्हणाली, "ती रुमालवाली चार महिने धीर गोळा करत होती. दोनदा येऊन नुसतीच बसून गेली. तिसऱ्यांदा माप द्यायला आली होती."

मला पुढे काही विचारण्याची लाज वाटली.

१० मार्च
अर्ज भरायला बसलो. 'व्यवसाय कधीपासून' असा रकाना आहे. सौ.ने तिची जुनी वही काढून दिली. नावं एकही नाही. फक्त तारीख, बाजू आणि वजन. 'डावी, ३१०.' 'डावी, २४०.' मी मागे मागे जात पहिल्या पानावर आलो. नऊ वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. 'उजवी, २८५.'

"ही पहिली कोण?"

"ते मी सांगणार नाही. मेले तरी नाही."

त्या वर्षी मी पावसाळ्यात तीन महिने प्रशिक्षणाला बाहेरगावी होतो. मी परतलो तेव्हा अक्का घरी नव्हती. हवापालटाला शाळेतल्या मैत्रिणीकडे गेली होती. ती सप्टेंबरअखेर आली तेव्हा वाळली होती, आणि एका बाजूला कलून चालत होती. डाव्या बाजूला. उजवीकडचं वजन गेल्यासारखी.

तेव्हाच मी ती चेष्टा केली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात केली. सगळे हसले. अक्कासुद्धा हसली. त्यानंतर नऊ वर्षं, दर भेटीला केली.

वही बंद करून मी न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून रडलो. मिशी तिथेच उतरवली. शब्द दिला होता.

सौ.ने नुसत्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं दिसतंय." मी काय ओळखलंय ते तिला कळलं.

अर्जात 'व्यवसायाचे स्वरूप' इथे तिने लिहिलंय: शिवणकाम. एरवी असला मोघम शब्द मी चालू दिला नसता. दोन्ही जागी सह्या केल्या.

१२ मार्च
तातडीची सभा बोलावली. काय सांगायचं ते रात्रभर ठरत नव्हतं, कारण खरं कारण सांगण्याचा मला अधिकार नाही. शेवटी उभा राहिलो आणि म्हणालो, "वहीचा ठराव चुकीचा होता. चूक माझी आहे. रद्द करावा."

"का पण?" तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी विचारलं. "चोरबीर यायचे बंद झाले होते की."

"कारण सांगता येत नाही."

ज्याने लोकांकडून कारणं लिहून घेतली त्याच्याकडे कारण नव्हतं. केकवालीने हात वर केला, "काका म्हणतायत ना, मग झालं. माझं अनुमोदन." वहीचा ठराव रद्द झाला. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी येऊन वहीतली भरलेली पानं काढली. सरकारी असो की खाजगी, नोंदीचं पान मी आजवर फाडलेलं नाही. प्रतींसकट सगळी बारीक तुकडे करून भिजवली.

१५ मार्च
सौ. म्हणाली, "तुम्हाला येतं तर माझा काटा बघा ना. बरोबर आहे का?"

पेटी काढली. चिमट्याने वजनं ठेवत गेलो. काटा ग्रॅमाला ग्रॅम बरोबर.

"असायचाच," ती म्हणाली. "दर महिन्याला तुमच्या वजनांनी तपासते. पूर्वी तुमची कचेरीची पेटी असायची, आता ही."

म्हणजे ते ठसे! "अगं, हाताने धरायची नसतात ती!"

"नऊ वर्षं हातानेच धरली. कुणाचा खांदा पडला नाही."

मग तिने राळ्यांचा डबा पुढे सरकवला आणि एक रिकामी सुती पिशवी. कुणासाठी ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दोनशे, पन्नास, वीस, दहा, पाच: तिच्या वहीतल्या पहिल्या पानावरचा आकडा. चिमट्याने एकेक वजन काट्यावर ठेवलं, काटा कुठे थांबतो ते पाहिलं, वजनं काढली आणि मग तिथवर राळे ओतले. शेवटचे दाणे चिमटीने टाकले. आयुष्यात इतकं काळजीपूर्वक वजन मी केलेलं नाही.

१७ मार्च
अकराला पाच मिनिटं कमी असताना खाली उतरलो. फाटकाशी अक्का उभी होती. वॉचमनच्या टेबलावर नुसता चहाचा पेला होता.

"कुठे सही करू?"

"कुठेच नाही."

"आणि तू कुठे निघालास?"

"फिरायला. अकरा ते एक."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "मिशी काय झाली रे? आणि असा काय बघतोयस? हिने काही सांगितलं तुला?"

"नाही. तिने काही सांगितलं नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

अक्का म्हणाली, "आज पारडं नाही विचारलंस माझं?"

मी मान हलवली. मी लहानपणी पडलो की ती माझ्या गुडघ्याची माती झटकायची, तशीच माझ्या खांद्यावर नसलेली धूळ तिने झटकली आणि जिना चढायला लागली. हळूहळू, कठड्याला न धरता, सरळ.

तिच्यामागून दहा मिनिटांनी डोक्याला रुमाल बांधलेली बाई आली. मी रस्त्यापलीकडच्या झाडाशी उभा होतो. तिने फाटकाशी थांबून टेबलाकडे पाहिलं. वॉचमन पेपर वाचत होता. ती आत गेली.

मी बागेत जाऊन बसलो. एक वाजून गेल्यावर घरी गेलो.